परक्या मैदानात: पर्ड्यूच्या मागे गाडीने एक हिवाळा

कोलंबसकर

गणपतीत इथल्या मंडळात एका वहिनींनी विचारलं, "गेल्या हिवाळ्यात तुम्ही सारखे कुठे गायब असायचात हो?" मी "कामं होती" म्हणून वेळ मारून नेली. खरं सांगितलं असतं तर बायकोकडे सगळ्यांनी कीव केल्यासारखं पाहिलं असतं. म्हणून खरं इथे लिहितोय.

मी कॉलेजच्या बास्केटबॉलचे सामने बघत हिंडत होतो. तेही आमच्या कॉलेजच्या घरच्या मैदानावरचे नाहीत, दुसऱ्यांच्या मैदानांवरचे.

पार्श्वभूमी थोडक्यात. राहतो इंडियाना राज्यातल्या कोलंबस गावात. कमिन्सचं मुख्यालय इथे आणि कमिन्स इंडियाचं पुण्यात, त्यामुळे भाजीच्या दुकानात कांदे निवडताना मागून "अगं, हे मऊ पडलेत" असं ऐकू येतं. एमएस केलं पर्ड्यू विद्यापीठात, वेस्ट लाफाएतमध्ये. तिथल्या मॅकी अरीनात १४,८७६ माणसं बसतात आणि तरी तिकीट मिळायची मारामार. एकदा वैतागून हिशेब केला, तर इतर कॉलेजांच्या मैदानांवरची वरच्या रांगेतली एकेकटी सीट बरीच स्वस्त पडत होती. सुरुवात अशी कंजूषपणातून झाली. पुढचं सगळं व्यसन.

२०२३-२४ च्या हंगामात पाच सामने गाडीने केले: ब्लूमिंग्टन, आयोवा सिटी, मॅडिसन, ओहायोतलं कोलंबस आणि शॅम्पेन. चार जिंकलो, एक हरलो. हरलेल्याबद्दल शेवटी लिहीन, त्यात माझीच अब्रू जास्त गेली आहे.

पहिला १६ जानेवारीचा, मंगळवार संध्याकाळ. पर्ड्यू विरुद्ध इंडियाना (ब्लूमिंग्टनचं इंडियाना विद्यापीठ, आमचे जुने वैरी), त्यांच्या असेंब्ली हॉलमध्ये. माझ्या घरापासून जेमतेम तासाभराची वाट, स्टेट रोड ४६ धरून ब्राऊन काउंटीच्या टेकड्यांतून. त्या आठवड्यात उत्तर ध्रुवाची हवा खाली उतरली होती. घरातून निघताना काच पुसायला पाणी उडवलं आणि ते काचेवरच गोठलं. पुढचं काही दिसेना. हिवाळ्याचं निळं पाणी भरायचं राहून गेलं होतं, उन्हाळ्यातलंच होतं. पेट्रोल पंपावर थांबून कागदी टॉवेलने काच घासली, बोटं बधिर झाली, आणि मनात एकच: टिप-ऑफ, म्हणजे सामन्याची सुरुवात, चुकणार.

चुकला नाही. असेंब्ली हॉल ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: क्षमता सतरा हजारांच्या वर, आणि दोन बाजूंच्या रांगा इतक्या उभ्या चढत जातात की वरून खाली बघताना पायांत गोळे येतात. एका टोकाला १९४०, ५३, ७६, ८१ आणि ८७ च्या अजिंक्यपदांचे पाच लाल झेंडे. मी काळा कोट गळ्यापर्यंत बंद करून बसलो, आत पर्ड्यूचा सोनेरी शर्ट. शेजारी सत्तरीच्या एक आजी. लाल-पांढऱ्या पट्ट्यांची विजार (त्यांचा संघ सरावाला हीच घालतो) आणि मांडीवर वही. प्रत्येक बास्केट पेन्सिलीने लिहीत होत्या. पहिल्या पाच मिनिटांत त्यांनी मला ओळखलं. म्हणाल्या, "तू चुकीच्या वेळी श्वास सोडतोस." म्हणजे आमची बास्केट झाली की माझा सुस्कारा ऐकू जायचा!

आता ज्यासाठी हा धागा काढला ते. आपल्या मैदानावर आपली बास्केट झाली की गलका होतो. परक्या मैदानावर आपली बास्केट झाली की सतरा हजार माणसं गप्प होतात. त्या शांततेत जाळीचा 'सप्' असा आवाज, बुटांची करकर, आमच्या बाकावरून दिलेली एक हाळी, सगळं वरच्या रांगेत सुटंसुटं ऐकू येतं. त्या रात्री आम्ही ८७-६६ ने जिंकलो, झॅक ईडीने ३३ गुण केले. शेवटची पाचेक मिनिटं तर लोक कोट चढवून निघू लागले होते. आजी शेवटपर्यंत बसल्या. शेवटचा आकडा लिहून, वही मिटून म्हणाल्या, "आता बटण उघड, गुदमरशील."

बाकीचे सामने हळूहळू लिहितो.

---

चौथा_क्वार्टर

वाचतोय. पण एक भाबडा प्रश्न. कॉलेजच्या पोरांचा सामना बघायला सतरा हजार माणसं? इथे पुण्यात आंतरमहाविद्यालयीन सामन्याला खेळाडूंचे मित्र आणि वडापाववाला एवढेच असतात. आणि ईडी काय प्रकार आहे, इकडे ते नाव घेतलं की माणसं पक्ष बदलतात.

---

कोलंबसकर

हा हा. तिकडेही तंतरायचीच. झॅक ईडी, टोरांटोचा, ७ फूट ४ इंच. २०२३ आणि २०२४, सलग दोन वर्षं देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू. आता मेम्फिसकडून एनबीएत गेला.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: पुरुषोत्तम करंडक. भरत नाट्य मंदिराबाहेर "अरे आवाज कुणाचा" सुरू झालं की नाटक बघायला आलेला त्रयस्थ माणूसही कुठल्यातरी एका कॉलेजचा होऊन जातो की नाही? तेच. फरक इतकाच की इथे माणूस पदवी घेऊन पन्नास वर्षं झाली तरी त्याच कॉलेजचा राहतो, आणि ज्याने कॉलेजचं तोंड पाहिलं नाही असा शेतकरीही जिल्ह्याप्रमाणे लाल किंवा सोनेरी असतो. इंडियानात तर बास्केटबॉल हा ग्रामदैवताचा प्रकार आहे.

जाता जाता: तुमचं नाव बदला. कॉलेजच्या पुरुषांच्या सामन्यात क्वार्टर नसतात, वीस-वीस मिनिटांचे दोन भाग असतात.

---

ब्लूमिंग्टनकर

धागाकर्त्याने पाच झेंडे मोजले हे बरं केलं. आता मॅकी अरीनात अजिंक्यपदाचे किती आहेत तेही सांगून टाका. मी वाट बघतो.

१९७६ चा आमचा संघ ३२-० होता. त्यानंतर आजपर्यंत एकही पुरुष संघ अख्खा हंगाम न हरता अजिंक्य झालेला नाही. आणि २०२३ साली पहिल्या मानांकनाचं कुठलं कॉलेज सोळाव्या मानांकनाच्या फेअरली डिकिन्सनकडून ६३-५८ ने हरलं, त्याचंही नाव लिहा. 'प' वरून सुरू होतं.

(आजी मात्र ओळखीच्या वाटतात. आमच्याकडे अशा पुष्कळ आहेत.)

---

कोलंबसकर

शून्य. लिहिलं. २०२४ ला अंतिम सामन्यापर्यंत गेलो, कनेटिकटने ७५-६० ने हरवलं. पण बिग टेनची (आपण दोघं ज्या कॉलेजांच्या गटात खेळतो त्याची) विजेतेपदं मोजायला बसलो तर तुमची बोटं आधी संपतात, ते राहिलंच. आणि १९८५ ची खुर्ची विसरू नका.

---

चौथा_क्वार्टर

कसली खुर्ची?

---

ब्लूमिंग्टनकर

आमचे तेव्हाचे प्रशिक्षक बॉब नाइट. २३ फेब्रुवारी १९८५, समोर पर्ड्यू, आमच्याच मैदानावर. पंचांशी वाजलं, तांत्रिक फाउल मिळाला, तर साहेबांनी बाकाजवळची लाल प्लास्टिकची खुर्ची उचलली आणि भिरकावली. पर्ड्यूचा खेळाडू फ्री थ्रो घ्यायला उभा, आणि खुर्ची त्याच्यासमोरून घसरत पलीकडे. साहेबांना बाहेर काढलं. तो सामनाही हेच जिंकले. नाइट २०२३ च्या नोव्हेंबरात गेले. इथे अजूनही त्यांच्यावरून जेवणाच्या टेबलावर भांडणं होतात, मराठी घरांतसुद्धा.

---

हिशेबनीस

माफ करा, पण सहा तास गाडी चालवायची, पेट्रोल, हॉटेल, तिकीट, वर तिकिटाएवढंच ऑनलाइन शुल्क, आणि सामना दोन तासांचा. टीव्हीवर रिप्लेसकट छान दिसतो. चहा हातात असतो. मला खरंच कळत नाही.

---

कोलंबसकर

हिशेब बरोबर आहे, त्यावर वाद नाही. टीव्हीवर शांतता ऐकू येत नाही, समालोचक बोलत असतो.

खर्चाबद्दल माझे काही आडाखे, ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी. एकटे जा, जोडीची तिकिटं महाग आणि सुटी एक सीट कुणालाच नको असते. पाहुण्या संघाचा कोटा छोटा असतो आणि तो बहुतेक देणगीदार आणि खेळाडूंच्या घरच्यांत संपतो, त्याची आशा धरू नका. सीझन तिकीटवाले ज्या दिवशी येऊ शकत नाहीत त्या दिवशी पुनर्विक्रीच्या ॲपवर टाकतात आणि सामना जवळ आला की भाव उतरवतात. मी वाहनतळात गाडी लावून, हीटर चालू ठेवून, शेवटच्या तासात घेतो. एकदा हाच हट्ट अंगाशी येता येता वाचलाय. खालच्या रांगा विद्यार्थ्यांच्या, तिथे दुसरा रंग घालून बसू नका. आणि पाठीवरची सॅक नेऊ नका, बहुतेक ठिकाणी पारदर्शक पिशवीच चालते. माझा डबा एकदा असाच गाडीत राहिला आणि थालीपीठाचं लाकूड झालं.

आता आयोवा. २० जानेवारी, शनिवार. इंडियानापोलिसहून आंतरराज्य ७४ धरला की शॅम्पेन, पिओरिया, गेल्सबर्ग, मग मोलीनचा नवा पूल आणि खाली मिसिसिपी. राखाडी पाण्यावर बर्फाच्या लाद्या संथ चालल्या होत्या. पुलावर थांबता येत नाही याचं वाईट वाटलं. पलीकडे आंतरराज्य ८० वर वॉल्कॉटला जगातला सर्वांत मोठा म्हणवणारा ट्रक-थांबा आहे. तिथे ट्रकवाल्यांसाठी दाताचा डॉक्टर आणि न्हावीही आहे. मी फक्त कॉफी घेतली.

कार्व्हर-हॉकआय अरीना बाहेरून बघून माझा विरस झाला होता. बसकं छप्पर, एवढंच. दारातून आत गेलो आणि पाय थबकले. दार सगळ्यात वरच्या कडेला आहे! ओढ्याच्या खोलगटात बांधलंय, त्यामुळे रस्त्याच्या पातळीवरून आत शिरायचं आणि तिथून पायऱ्या खाली, खाली, पार तळाशी लाकडी मैदान. विहिरीत उतरल्यासारखं. ८४-७० ने जिंकलो. ईडीने तीस केले.

---

रांगडा_कोल्हापुरी

खासबाग की हो! शाहू महाराजांनी बांधून घेतलंय तसंच. मधे हौदा आणि भोवतीनं चढत गेलेली बैठक, कुठंबी बसा, पैलवान दिसतोयच. तुमच्या आयोवावाल्यांनी बघून केलंय काय म्हाईत न्हाई. पर एक सांगतो, परगावच्या मैदानात आपल्या पैलवानाची कुस्ती बघायला गेलेला माणूस हलगी वाजायला लागली की कसा बसतोय ते मी बघितलंय. तोंडातनं आवाज न्हाई, निस्ता मांडीवर हात. तुमचं वाचून तेच डोळ्यापुढं आलं.

---

कोलंबसकर

मांडीवर हात! अगदी हेच. माझ्या उजव्या मांडीवर त्या हिवाळ्यात खरंच वळ होते.

---

आयोवाची_सून

मी आयोवा सिटीतच राहते. कार्व्हरच्या पायऱ्या उतरणं सोपं हो, सामना संपल्यावर चढताना कळतं. आमच्या सासूबाई भारतातून आल्या होत्या, त्यांनी मध्यावरच बैठक मारली होती.

पण काका, तुम्ही आलात पुरुषांच्या सामन्याला! त्या हिवाळ्यात आमच्याकडे खरी गर्दी बायकांच्या सामन्यांना होती. केटलिन क्लार्कचं शेवटचं वर्ष. घरच्या सगळ्या सामन्यांची तिकिटं हंगामाआधीच संपलेली. पंधरा फेब्रुवारीला मिशिगनविरुद्ध तिने एनसीएए या कॉलेज-क्रीडा संघटनेतला महिलांचा सर्वाधिक गुणांचा विक्रम मोडला, कुठून, तर त्या मधल्या छापाजवळून, एवढ्या लांबून! तिकिटांचे भाव बघून आम्ही घरीच बघितला आणि इमारतीतल्या बाकी घरांतूनही एकदम ओरडा ऐकू आला. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. तिला वाटतं बास्केटबॉल हा मुलींचा खेळ आहे आणि मुलगेही कधीकधी खेळतात. मी दुरुस्त केलेलं नाही.

(चौथा_क्वार्टर, महिलांच्या सामन्यांत क्वार्टर असतात. नाव बदलू नका.)

---

चौथा_क्वार्टर

जीव भांड्यात पडला.

---

लॉरेन्सवासी

कॅन्ससहून एक नोंद. हा खेळ १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या स्प्रिंगफील्डला जेम्स नेस्मिथनी काढला. पुढे ते आमच्या विद्यापीठात आले आणि आमचे पहिले प्रशिक्षक झाले. गंमत अशी की एकूण ५५ विजय आणि ६० पराभव. ज्याने खेळ शोधला तोच आमचा तोट्यातला एकमेव प्रशिक्षक. त्यांचे टंकलिखित तेरा नियम एका माजी विद्यार्थ्याने २०१० च्या लिलावात सुमारे ४३ लाख डॉलरला घेतले. ते आमच्या ॲलन फील्डहाउस या मैदानाशेजारच्या इमारतीत काचेमागे ठेवलेत. कधी आलात तर सामन्याआधी तासभर हाताशी ठेवा. आणि कोट बंद ठेवा.

---

पेंगुळलेला_पांथस्थ

पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. मॅडिसन आणि अब्रूचा किस्सा राहिलाय.

---

कोलंबसकर

मॅडिसन पटकन उरकतो. ४ फेब्रुवारी, ७५-६९, जिंकलो. वाटेत आणखी एक ब्लूमिंग्टन लागतं, इलिनॉयमधलं, तिथे लाल झेंडे नाहीत. विस्कॉन्सिनचे ताजे चीज कर्ड दाताखाली चिकचिक वाजतात. ते वाजत नसतील तर शिळे समजायचे, असं दुकानदारीणबाईंनीच सांगितलं. परतीला दोन पाकिटं घेतली. रॉकफर्डपर्यंत एक संपलं.

आता ओहायो. १८ फेब्रुवारी, रविवार, दुपारचा सामना. कोलंबसहून कोलंबसला, साडेतीन तास. शनिवारी रात्री पोचून राहायचं ठरवलं. हॉटेल आठवडाभर आधी फोनवरून बुक केलं, भाव बघून स्वतःवर खूश झालो. रात्री दहाला ओहायोत उतरलो, नकाशात पत्ता टाकला. नकाशा म्हणाला, ३ तास २५ मिनिटं.

खोली इंडियानातल्या कोलंबसमध्ये घेतली होती. माझ्या घरापासून चार मैलांवर.

बायकोला फोन केला तर ती आधी काही बोललीच नाही. मग म्हणाली, "चावी घेऊन मी जाऊन झोपू का तिथे? पैसे तरी वसूल होतील." (गेली नाही. पण अजून दर पाहुण्याला सांगते.) मला नऊ वर्षांपूर्वीच्या एका रूममेटच्या सोफ्यावर जागा मिळाली.

ओहायो स्टेटने चार दिवस आधीच आपल्या प्रशिक्षकाला काढलं होतं. हंगामी माणूस बाकावर. आम्ही देशात दुसरे. मी वरच्या रांगेत निवांत बसलो होतो, कोटाची बटणंही उघडी. ७३-६९ ने हरलो. शेवटच्या मिनिटात ते अख्खं मैदान उभं राहिलं तेव्हा कळलं की आजवर मी फक्त शांतता गोळा करत हिंडत होतो, तिची दुसरी बाजू बघितलीच नव्हती. शेजारचा मुलगा माझा सोनेरी शर्ट बघून ओरडायचा थांबला, एक क्षण ओशाळला, आणि मग परत ओरडायला लागला. मी त्याला म्हटलं, ओरड बाबा.

५ मार्चला शॅम्पेन. मंगळवार, अर्धी रजा. इलिनॉय एक तास मागे असतं हे विसरलो आणि दार उघडायच्याही आधी पोचलो, ही त्यातल्या त्यात चांगली चूक. तिथलं मैदान म्हणजे शेतात उतरलेली उडती तबकडी, १९६३ सालची. स्टुडंट सेक्शन नारिंगी, आवाज छपराला लागून परत डोक्यावर येतो. ७७-७१. त्या विजयाने बिग टेनचं विजेतेपद एकट्याचं झालं. रात्री अडीचला घरी, सकाळी आठला मीटिंग.

यंदापासून (२०२४-२५ च्या हंगामापासून) बिग टेन अठरा कॉलेजांची झाली आहे, त्यात पार पॅसिफिक किनाऱ्यावरची चार. पर्ड्यूला यंदा ओरेगन आणि वॉशिंग्टनला जायचंय. ते काही गाडीने होत नाही. मला हे सगळं पैशांसाठी केलेलं वाटतं आणि आवडत नाही.

---

ब्लूमिंग्टनकर

तारखा बघितल्यात का? यंदा तुम्ही आमच्याकडे २३ फेब्रुवारीला येताय. खुर्चीला बरोबर चाळीस वर्षं. माझ्याकडे एक जास्तीची सीट आहे. पुनर्विक्री नाही, पैसे नाहीत. अट एकच: कोट उघडा ठेवून बसायचं.

---

कोलंबसकर

मंजूर. निळं पाणी भरून येतो.

---

पेंगुळलेला_पांथस्थ

धागा वर आणतोय. काल २३ तारीख होती. कोलंबसकर, आहात का?

---

कोलंबसकर

आहे. मध्यंतराला ३७-२५ ने पुढे होतो. ब्लूमिंग्टनकर शेंगदाणे सोलत होते, माझ्याकडे बघत नव्हते. दुसऱ्या भागात त्यांनी ४८ केले, आम्ही २१. ७३-५८. त्यांचेही प्रशिक्षक हंगामाअखेर जाणार हे याच महिन्यात जाहीर झालेलं. निरोपाचे प्रशिक्षक दिसले की लोकांना पर्ड्यूच का सापडतं, यावर कुणीतरी प्रबंध लिहा.

ब्लूमिंग्टनकर मोठ्याने ओरडले नाहीत. मांडीवर हात मारत होते, आणि त्यातले निम्मे माझ्या मांडीवर.

---

ब्लूमिंग्टनकर

गर्दीत अंदाज चुकतो.

---

कोलंबसकर

सामना झाल्यावर त्यांनी गाडीपर्यंत सोडलं आणि वहिनींनी दिलेला डबा हातात ठेवला. पुरणपोळ्या होत्या. डबा लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या रुमालात बांधलेला. ब्राऊन काउंटीच्या अंधारात, एका हाताने गाठ सोडत, दोन खाल्ल्या.

---

आयोवाची_सून

डबा परत कधी देताय? आणि रिकामा देऊ नका म्हणजे झालं.

---

कोलंबसकर

पुढच्या हिवाळ्यात, मॅकी अरीनाच्या दारात. न्यायला त्यांनी यायचंय. चिवडा भरून ठेवतो.

---

ब्लूमिंग्टनकर

कोट कुठला घालू?